लिनक्स कर्नल सोर्सपासून बांधताना: सोलापूरचं ऊन आणि लाईट लक्षात घेऊन, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली, पुढे पुण्यात एम्बेडेड किंवा सिस्टिम्सच्या कामात जायचं म्हणणारी आपल्या सोलापुरातली बरीच मुलंमुली हे विचारतात: लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सोर्सपासून कसा बांधायचा? उत्तर शोधलं की चार कमांड सापडतात. कमांड खरोखरच चार-पाचच आहेत. अडतं ते त्यांच्या आजूबाजूला. डिस्क भरते, मे महिन्याच्या दुपारी लॅपटॉप तापतो, मध्येच लाईट जाते, आणि सगळं पार पडल्यावर नवा कर्नल बूटच होत नाही. हा लेख मी त्या आजूबाजूच्या गोष्टींसाठी लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो आणि पुढची प्रत्येक पायरी तिच्याशी जोडलेली आहे. कम्पाइल करणं हे मशीनचं काम आहे. तुमच्याकडे दोनच कामं उरतात: कॉन्फिग (कर्नलमध्ये काय घ्यायचं, काय नाही याची यादी) नीट बनवणं, आणि चालू असलेला जुना कर्नल आहे तसा जागेवर ठेवणं. ही दोन कामं सांभाळलीत तर मशीन हातची जात नाही.

लेखातल्या कमांड उबुंटू, मिंट किंवा डेबियनसाठी आहेत, साध्या ६४ बिट इंटेल किंवा एएमडी मशीनवर. इथे त्या देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत टाईप करायच्या. स्पेलिंगची शंका आली तर सोर्सच्या फोल्डरमध्ये «मेक हेल्प» चालवा. कर्नलच्या मेकफाइलला (बिल्डच्या सूचनांची फाइल) समजणारे मुख्य शब्द त्यात अर्थासकट दिसतात. पॅकेजच्या नावासाठी «एपीटी सर्च» आहेच.

आधी ठरवा: हे कशासाठी करताय?

लिनस टोरवाल्ड्सनी १९९१ मध्ये सुरू केलेला हा कर्नल जीपीएल आवृत्ती २ या परवान्याखाली मिळतो. म्हणजे सोर्स वाचायचा, बदलायचा आणि वाटायचा हक्क तुम्हाला आहे. तो वापरायची चांगली कारणं अशी: तुमच्या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर नव्या आवृत्तीत आला आहे, तुम्हाला स्वतः ड्रायव्हर लिहायला शिकायचंय, एखादा पॅच लावून बघायचाय, किंवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकात वाचलेलं शेड्युलर आणि मेमरी मॅनेजमेंट प्रत्यक्ष कुठल्या फाइलमध्ये आहे ते बघायचंय. शेवटचं कारण मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

जुना लॅपटॉप एकदम पळायला लागेल या आशेने मात्र करू नका. उबुंटू-डेबियनचे कर्नल आधीच चांगले जुळवलेले असतात. त्यातले हजारो ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून डिस्कवर पडून असतात, गरज लागेल तेवढेच मेमरीत चढतात. ते काढून टाकल्याने बिल्ड लवकर होतो, रोजच्या वापरात फारसा फरक जाणवत नाही.

१. काय काय जवळ हवं

मशीन: चार कोअर आणि ८ जीबी रॅम असेल तर आरामात होतं. ४ जीबीवरही होतं, पण मग स्वॅप (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) चालू हवा आणि ब्राउझर बंद हवा.

डिस्क: उबुंटूचा कॉन्फिग आहे तसा, डीबग माहितीसकट बांधायचा तर २५-३० जीबी मोकळी जागा धरा. डीबग माहिती बंद केली तर निम्म्याहून कमी जागेत भागतं. ती कशी बंद करायची ते चौथ्या पायरीत आहे.

पेनड्राइव्ह: उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करून ठेवा आणि त्यावरून मशीन बूट होतं का ते एकदा बघून घ्या. पुढे काही बिघडलंच तर दुरुस्तीचा मार्ग हाच.

बॅकअप: प्रोजेक्ट रिपोर्ट, फोटो, महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे. कर्नल बांधताना सहसा डेटा जात नाही, पण डिस्कची विभाजनं (पार्टिशन) आणि बूटच्या सेटिंगला हात लागणार असेल तर प्रत दुसरीकडे असलेली बरी.

पॅकेजेस: «सुडो एपीटी इन्स्टॉल» करून ही बसवा: बिल्ड-इसेन्शियल, बीसी, बायसन, फ्लेक्स, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह, ड्वार्व्ह्ज, आरसिंक, सीपीआयओ, केमॉड, झेडएसटीडी, डेबहेल्पर. एखादं राहिलंच तर बिल्ड थांबतो आणि कुठली हेडर फाइल किंवा कुठला प्रोग्राम सापडला नाही ते सांगतो. «लिबएल्फ» दिसलं की लिबएल्फ-डेव्ह, «ओपनएसएसएल» दिसलं की लिबएसएसएल-डेव्ह, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

घरात एकच लॅपटॉप आहे आणि त्यावर भावाबहिणीचा अभ्यास किंवा वडिलांच्या दुकानाचा हिशोबही चालतो, अशी स्थिती असेल तर पहिला प्रयोग थेट त्यावर करू नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ४० जीबी डिस्कचं व्हर्च्युअल मशीन बनवा आणि सगळ्या पायऱ्या तिथे करा. वेळ जास्त लागेल, पण शिकायला मिळतं तेच.

२. ऊन, लाईट आणि डेटा

बाहेरच्या लेखांत ही पायरी नसते. आपल्याकडे ती लागते.

कर्नलचा बिल्ड म्हणजे प्रोसेसरचे सगळे कोअर बराच वेळ शंभर टक्के चालणं. मार्च ते मे आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या वरच्या खोलीत दुपारी पंख्याची हवाही गरम लागते. अशा खोलीत प्रोसेसर ९५ अंशांच्या आसपास पोचला की स्वतःचा वेग कमी करतो. काम थांबत नाही, पण रेंगाळतं. आणि पंख्यात धूळ बसलेला जुना लॅपटॉप असेल तर सरळ बंदच पडतो. म्हणून उन्हाळ्यात बिल्ड पहाटे किंवा रात्री उशिरा लावा. लॅपटॉप गादीवर, चादरीवर ठेवू नका. खालची जाळी बंद होते. टेबलावर ठेवा आणि मागची बाजू दोन पुस्तकांवर उचला. «एलएम-सेन्सर्स» पॅकेज बसवून दुसऱ्या टर्मिनलमध्ये «वॉच सेन्सर्स» चालू ठेवा. आकडा ९० च्या वर टिकून राहत असेल तर बिल्ड थांबवा आणि कमी जॉब (एकाच वेळी चालणारी कामं) देऊन पुन्हा सुरू करा. कसं ते पाचव्या पायरीत येईल. पंखा साफ करून घेणं आणि सुकलेली थर्मल पेस्ट बदलून घेणं हा जुन्या मशीनवरचा सगळ्यात चांगला खर्च. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, जानेवारीत, हेच मशीन कुरकुर न करता काम करतं.

लाईटचं असं आहे. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय बिल्ड लावू नका. घरात इन्व्हर्टर असला तरी तो चालू होताना क्षणभराचा झटका बसतो आणि काही मशीन त्यात रीस्टार्ट होतात, तेव्हा आधी तपासा. लॅपटॉपची बॅटरी खरंच तासभर टिकते का तेही बघा. पूर्ण भाराखाली नेहमीच्या निम्मीसुद्धा टिकत नाही.

बिल्ड चालू असताना लाईट गेलीच तर घाबरू नका. «मेक» झालेलं काम ओळखतं आणि राहिलेल्या ठिकाणापासून पुढे जातं. फक्त ज्या फाइल त्या क्षणी लिहिल्या जात होत्या त्या रिकाम्या राहू शकतात आणि नंतर लिंक करताना विचित्र एरर येतात. सोर्सच्या फोल्डरमध्ये «फाइंड . -नेम '*.ओ' -एम्प्टी -डिलीट» चालवून रिकाम्या ऑब्जेक्ट फाइल काढा आणि पुन्हा «मेक» द्या. तरी विचित्र एरर राहिले तर «मेक क्लीन» करून बिल्ड पहिल्यापासून. «मेक क्लीन»ने कॉन्फिग जात नाही. «मेक मिस्टरप्रॉपर», जो «एमआरप्रॉपर» असा टाईप होतो, त्याने मात्र तुमची कॉन्फिग फाइलही पुसली जाते. हे दोन शब्द गोंधळून तासाभराची मेहनत गमावणारे खूप असतात, म्हणून कॉन्फिगची एक प्रत होम फोल्डरमध्ये ठेवायची सवय लावा.

पॉवर सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक सस्पेंड बंद करा. लॅपटॉप उघडा ठेवून बाहेर जाणार असाल तर घरच्यांना सांगून ठेवा. चालू दिसला की आई झाकण मिटवते, आणि मशीन झोपतं.

डेटा फारसा लागत नाही. सोर्सची दाबलेली फाइल दीडशे एमबीच्या आसपास असते. गिटने पूर्ण इतिहास उतरवायला गेलात तर तो कित्येक जीबी होतो. पहिल्या वेळी त्याची गरज नाही. मोबाईल हॉटस्पॉटवर असाल तर «डब्ल्यूगेट -सी» वापरा, तुटलेलं डाउनलोड तिथूनच पुढे चालू होतं.

३. सोर्स आणणं आणि सही तपासणं

सोर्स कर्नल.ऑर्ग या अधिकृत ठिकाणावरूनच घ्या. तिथे मेनलाइन, स्टेबल आणि लाँगटर्म असे प्रकार दिसतील. आवृत्तीच्या शेवटी «आरसी» असेल तर ती चाचणीसाठीची, पहिल्या वेळी सोडून द्या. लाँगटर्म घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली ६.१२ ही त्यातलीच. तिच्या ताज्या उपआवृत्तीची «टार.एक्सझेड» फाइल आणि तिच्या बाजूची «साइन» फाइल, दोन्ही उतरवा.

सही तपासणं बरेच जण टाळतात. टाळू नका, मशीनवर सगळ्यात जास्त अधिकार असलेला प्रोग्राम तुम्ही बसवताय. साइटवर दिलेल्या पद्धतीने टोरवाल्ड्स आणि स्टेबल आवृत्त्या काढणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या सार्वजनिक किल्ल्या घ्या. सही दाबलेल्या फाइलवर नसते, आतल्या उघड्या टार फाइलवर असते, म्हणून उघडत-उघडत तपासायचं: «एक्सझेड -सीडी» आणि टारचं नाव, मग पाइप (उभी रेघ), मग «जीपीजी --व्हेरिफाय», साइन फाइलचं नाव आणि शेवटी एक डॅश. उत्तरात «गुड सिग्नेचर» दिसलं की झालं. खाली किल्ली विश्वासू म्हणून नोंदलेली नाही असा इशारा येतो. तुम्ही स्वतः ती किल्ली प्रमाणित केलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. «बॅड सिग्नेचर» आलं तर फाइल काढून पुन्हा उतरवा.

कुठे उघडायचं यातही दोन सापळे आहेत. ज्या फोल्डरच्या नावात स्पेस किंवा कोलन आहे तिथे कर्नल बांधलाच जात नाही, मेकफाइल नकार देते. दुसरा सापळा विंडोजच्या डी ड्राइव्हचा. लिनक्सवर जागा कमी म्हणून मुलं सोर्स एनटीएफएस किंवा एक्सफॅटवर उघडतात. कर्नलच्या सोर्समध्ये काही फाइल अशा आहेत की नाव तेच, फक्त अक्षरं लहान-मोठी. शिवाय सिम्बॉलिक लिंकही आहेत. तिथे ते नीट टिकत नाही आणि एरर भलत्याच ठिकाणी निघतात. होम फोल्डरमध्ये, लिनक्सच्या स्वतःच्या विभाजनावर उघडा: «टार एक्सएफ» आणि फाइलचं नाव. उघडल्यावर दीड जीबीच्या आसपास जागा जाते.

४. कॉन्फिग: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मागावर ताणा जसा लागेल तसंच कापड उतरतं. कॉन्फिगचं तसंच आहे. बिल्ड कितीही सुरळीत झाला तरी कॉन्फिगमध्ये डिस्कचा ड्रायव्हर राहिला असेल तर मशीन उठणार नाही.

शून्यापासून कॉन्फिग बनवू नका. आत्ता जो कर्नल चालू आहे त्याचा कॉन्फिग तुमच्या मशीनवर आहेच. सोर्सच्या फोल्डरमध्ये जाऊन: «सीपी /बूट/कॉन्फिग-$(युनेम -आर) .कॉन्फिग». मग «मेक ओल्डडेफकॉन्फिग». नव्या आवृत्तीत आलेल्या पर्यायांना त्यांचं मूळ उत्तर देऊन ही कमांड फाइल पूर्ण करते. तिची बहीण «मेक ओल्डकॉन्फिग» प्रत्येक नवा प्रश्न तुम्हाला विचारते. शिकायला ती चांगली, पण पहिल्या वेळी शेकडो प्रश्नांनी माणूस कंटाळतो.

यानंतर उबुंटू-डेबियनवाल्यांना हमखास आडवा येणारा अडथळा. त्यांच्या कॉन्फिगमध्ये सर्टिफिकेट फाइलची नावं असतात, आणि त्या फाइल तुम्ही उतरवलेल्या सोर्समध्ये नसतात. बिल्ड काही वेळाने «नो रूल टू मेक टार्गेट» म्हणून थांबतो आणि पुढे «पीईएम»ने संपणाऱ्या फाइलचं नाव दिसतं. उपाय आत्ताच करून टाका. «मेक मेनूकॉन्फिग» उघडा. क्रिप्टोग्राफिक एपीआय, त्यात खाली सर्टिफिकेट्स फॉर सिग्नेचर चेकिंग. तिथे अॅडिशनल एक्स.५०९ कीज या ओळीतलं फाइलचं नाव पुसून जागा रिकामी ठेवा. ब्लॅकलिस्ट कीरिंगमध्ये आधी भरायच्या सर्टिफिकेटची अशीच ओळ आहे, तीही रिकामी करा.

मेनूमध्ये आहातच तर आणखी दोन गोष्टी.

कर्नल हॅकिंग, त्यात कम्पाइल-टाइम चेक्स, त्यात डीबग इन्फर्मेशन: «डिसेबल» निवडा. जागा आणि वेळ दोन्ही वाचतात. याने बीटीएफ (कर्नलमधल्या डेटाच्या रचनेची) माहितीही जाते, म्हणून ईबीपीएफची (चालू कर्नलच्या आत छोटे प्रोग्राम चालवायचं तंत्र) काही साधनं या कर्नलवर चालणार नाहीत. ती शिकायची असतील तर चालू ठेवा आणि जागेची सोय करा.

जनरल सेटअपमध्ये लोकल व्हर्जन: इथे डॅशने सुरू होणारं स्वतःचं नाव द्या, लहान अक्षरांत, स्पेस न देता. मी मुलांना «-सोलापूर» द्यायला सांगतो. हे नाव दिल्याने तुमच्या कर्नलची मॉड्यूल्स वेगळ्या फोल्डरमध्ये बसतात, बूटच्या यादीत तो ओळखता येतो आणि काढताना चुकून दुसरा निघत नाही.

मेनूत फिरताना वाय म्हणजे कर्नलमध्ये आत, एम म्हणजे मॉड्यूल, एन म्हणजे नको. तिरकी रेघ दाबली की शोध, प्रश्नचिन्ह दाबलं की त्या पर्यायाची माहिती. ही माहिती वाचत बसा. तासभर जाईल, पण कर्नलमध्ये काय काय असतं याचा असा नकाशा दुसरीकडे सहज मिळत नाही. बदल मात्र नेमके आणि थोडे करा, आणि ज्याची माहिती वाचून कळलं नाही ते आहे तसं सोडा.

बिल्डचा वेळ खूप कमी करायचा असेल तर «मेक लोकलमॉडकॉन्फिग» आहे. आत्ता ज्या मॉड्यूल्स मेमरीत चढलेल्या आहेत तेवढ्याच ती ठेवते, बाकी बंद करते. काम झटपट होतं, पण जे आत्ता जोडलेलं नाही ते तिला दिसत नाही. म्हणून चालवण्याआधी तुमच्याकडचं सगळं एकदा जोडा: पेनड्राइव्ह, प्रिंटर, यूएसबी हेडफोन, बाहेरचा माउस, फोनचं यूएसबी टेदरिंग, ब्लूटूथ, प्रोजेक्टरची केबल. विंडोजचं विभाजन आणि एक्सफॅट पेनड्राइव्ह माउंट करून ठेवा. कॉलेजमध्ये व्हीपीएन वापरत असाल तर तोही चालू करा. नाहीतर आठवड्याने प्रेझेंटेशनच्या दिवशी एक्सफॅटचा पेनड्राइव्ह उघडत नाही आणि कारण आठवत नाही. ही कमांड वापरायची तर कॉन्फिगची प्रत आणून झाल्यावर लगेच, मेनू उघडण्याआधी वापरा. ती प्रश्न विचारेल, एंटर दाबत जा.

शेवटी «.कॉन्फिग»ची प्रत होम फोल्डरमध्ये ठेवा.

५. बिल्ड

«एनप्रॉक» चालवलं की कोअर किती ते कळतं. चार आले तर: «मेक -जे४ बिनडेब-पीकेजी». «-जे»पुढचा आकडा म्हणजे एकावेळी किती जॉब. हे सुडोशिवाय, तुमच्या साध्या खात्यातून चालवायचं. सुडो वापरलं तर रूटच्या मालकीच्या फाइल तयार होतात आणि नंतर परवानगीच्या कटकटी सुरू होतात.

«बिनडेब-पीकेजी»चा आग्रह मी धरतो, कारण शेवटी डेब पॅकेज मिळतं. एपीटी ते ओळखतं, काढायला एक कमांड पुरते आणि मित्राच्या तशाच मशीनवर नेताही येतं. पुष्कळ ठिकाणी «सुडो मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल» आणि मग «सुडो मेक इन्स्टॉल» सांगितलेलं असतं. तेही बरोबर आहे, पण काढताना बूट फोल्डरमधल्या आणि मॉड्यूल्सच्या फाइल हाताने शोधून काढाव्या लागतात. तो मार्ग धरलात आणि डीबग माहिती चालू असेल तर मॉड्यूल्स बसवताना «इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१» मोठ्या अक्षरांत जोडा, नाहीतर इनिट्रॅमएफएस (बूट होताना लागणारे ड्रायव्हर असलेली छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम) फुगते.

वेळ मशीनवर आणि कॉन्फिगवर आहे. दोन कोअरच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटूचा पूर्ण कॉन्फिग कित्येक तास घेतो. लोकलमॉडकॉन्फिगने तो वेळ काही पटींनी उतरतो.

स्क्रीनवर सीसी, एलडी, एआर अशी छोटी अक्षरं आणि पुढे फाइलची नावं धावत राहतात. वॉर्निंग दिसली तर चालतं. बिल्ड थांबला तर शेवटच्या ओळीवर जाऊ नका. ती फक्त «एरर २» सांगते. चार जॉब एकदम चालू असल्याने खरा एरर बराच वर गेलेला असतो. सोपा उपाय: तीच कमांड «-जे१» देऊन पुन्हा चालवा. राहिलेल्या ठिकाणापासून सुरू होऊन ती खऱ्या एररवरच थांबते.

«किल्ड» हा शब्द दिसला तर रॅम संपली आहे. ब्राउझर बंद करा, स्वॅप वाढवा, «-जे२» द्या. उन्हाने मशीन तापत असेल तरी उपाय हाच, जॉब कमी करणं.

झाल्यावर सोर्सच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये लिनक्स-इमेज, लिनक्स-हेडर्स आणि लिनक्स-लिबसी-डेव्ह अशी पॅकेजं दिसतील.

६. बसवण्याआधी बूटची तयारी

इथे घाई नको. नवा कर्नल उठत नाही अशा बहुतेक तक्रारींचं मूळ या पायरीत असतं.

सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलाच कर्नल चालू देणारी सोय): «मोकयुटिल --एसबी-स्टेट» चालवा. चालू असेल तर तुमचा कर्नल सही नसल्यामुळे ग्रबमध्येच (मशीन सुरू होताना कर्नल निवडून चढवणारा प्रोग्राम) अडतो, «बॅड शिम सिग्नेचर» असा संदेश येतो. एकतर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, किंवा स्वतःची मोक किल्ली (मशीनच्या मालकाने नोंदवलेली सहीची किल्ली) बनवून कर्नलवर सही करा. शिकण्यासाठी बंद करणं सोपं. पण त्याच मशीनवर विंडोज असेल आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर थांबा. सिक्युअर बूट बदलल्यावर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती ४८ अंकी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधी काढून कागदावर उतरवा, मगच बायोसला हात लावा. सेकंडहँड बाजारातून घेतलेल्या लॅपटॉपवर विंडोज दुसऱ्याच कुणाच्या खात्याने सुरू केलेलं असू शकतं, ते विशेष तपासा.

बूटची जागा: «डीएफ -एच /बूट». डिस्क एन्क्रिप्ट करून उबुंटू बसवलं असेल तर बूटचं विभाजन वेगळं आणि लहान असतं. नवा कर्नल आणि त्याची इनिट्रॅमएफएस मावेल एवढी, निदान दोन-तीनशे एमबी मोकळी ठेवा. जागा करताना आत्ता चालू असलेला कर्नल काढायचा नाही.

ग्रबचा मेनू: उबुंटू तो लपवून ठेवतं. «/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब» फाइल सुडोने उघडा, ग्रब_टाइमआउट_स्टाइलसमोर «मेनू» आणि ग्रब_टाइमआउटसमोर १० लिहा, मग «सुडो अपडेट-ग्रब». एकदा रीस्टार्ट करून मेनू दिसतो का आणि त्यातल्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडता येतो का, हे नवा बसवण्याआधीच बघा.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर, व्हर्च्युअलबॉक्स किंवा ब्रॉडकॉमचा वाय-फाय ड्रायव्हर बाहेरून बसवलेला असेल तर तो डीकेएमएसमार्फत (असे बाहेरचे ड्रायव्हर बांधणारी सोय) नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. त्यासाठी हेडर्सचं पॅकेज लागतं. ड्रायव्हर जुना आणि कर्नल नवा असेल तर तो बांधलाच जात नाही. अशा मशीनवर आधी ड्रायव्हर कुठल्या कर्नलपर्यंत चालतो ते बघून मग आवृत्ती निवडावी.

७. बसवणं

बाहेरच्या फोल्डरमध्ये जाऊन «सुडो डीपीकेजी -आय» आणि पुढे इमेज व हेडर्स या दोन पॅकेजांची पूर्ण नावं. ताऱ्याचं चिन्ह वापरू नका, आधीच्या बिल्डची पॅकेजंही त्यात येतात. लिनक्स-लिबसी-डेव्ह बसवू नका, ते सिस्टिमचे हेडर बदलतं आणि तुम्हाला त्याची गरज नाही.

पुढे येणाऱ्या ओळी वाचा. दोन ओळी दिसल्याच पाहिजेत: «अपडेट-इनिट्रॅमएफएस: जनरेटिंग» आणि पुढे तुमच्या कर्नलचं नाव, आणि नंतर ग्रबची «फाउंड लिनक्स इमेज» अशी ओळ, त्यात «-सोलापूर» असलेलं नाव. मध्येच «नो स्पेस लेफ्ट» आलं असेल तर रीस्टार्ट करू नका. अर्धवट इनिट्रॅमएफएसने मशीन उठत नाही. जागा करा आणि «सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -सी -के» पुढे कर्नलचं नाव देऊन ती पुन्हा बनवा.

८. पहिला बूट

रीस्टार्ट करा, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून नवा कर्नल निवडा. आत आल्यावर «युनेम -आर». ६.१२ने सुरू होऊन -सोलापूरने संपणारं नाव दिसलं की तुम्ही स्वतः बांधलेल्या कर्नलवर आहात. हा क्षण प्रत्येकाला आनंद देतो, आणि द्यावाच.

मग तपासणी: वाय-फाय, ब्लूटूथ, आवाज, कॅमेरा, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होणं, पेनड्राइव्ह, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होणं. «सुडो डीमेसेज --लेव्हल=एरर» (एररऐवजी तिथे फक्त तीन अक्षरं, ई-आर-आर) चालवून लाल ओळी बघा. तशीच यादी जुन्या कर्नलवर काढून दोन्ही शेजारी ठेवा. काही एरर आधीपासूनच असतात. फक्त नव्याने आलेल्यांचा विचार करा.

उठलंच नाही तर पॉवर बटण दाबून बंद करा, ग्रबमधून जुना कर्नल निवडा, काम चालू. मग कारण शोधा. «अनेबल टू माउंट रूट एफएस» असा पॅनिक आला तर इनिट्रॅमएफएस बनलेली नाही किंवा डिस्कचा अथवा फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर कॉन्फिगमधून गेला आहे. एनव्हीएमई डिस्क असताना त्याचा पर्याय बंद झालेला असतो, किंवा रूट बीटीआरएफएसवर असताना तो. स्क्रीन काळी पण डिस्कचा दिवा लुकलुकतोय, तर बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हर. वाय-फाय नाही, तर डीमेसेजमध्ये «फर्मवेअर» हा शब्द शोधा. लिनक्स-फर्मवेअर पॅकेज जुनं असू शकतं.

९. पुढे सांभाळायचं कसं

उबुंटूचा कर्नल अपडेटमध्ये आपोआप दुरुस्त होतो. तुमचा होत नाही. लाँगटर्मच्या उपआवृत्त्या वरचेवर येतात आणि त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. रोजच्या वापराच्या मशीनवर हा कर्नल ठेवायचा असेल तर ताजा सोर्स आणा, साठवलेला कॉन्फिग त्यात टाका, «ओल्डडेफकॉन्फिग», आणि पुन्हा बिल्ड. कॉन्फिग तयार असल्याने दुसऱ्या खेपेला तुमचा हात फक्त दहा-पंधरा मिनिटं लागतो, बाकी मशीन करतं. हे वरचेवर करणं जमणार नसेल तर रोज उबुंटूचाच कर्नल वापरा आणि आपला प्रयोगासाठी यादीत राहू द्या.

काढायचा झाला तर आधी जुन्या कर्नलमध्ये बूट करा, «युनेम -आर»ने खात्री करा, मग «सुडो एपीटी पर्ज» पुढे लिनक्स-इमेज आणि लिनक्स-हेडर्सची -सोलापूर असलेली नावं. ग्रबची यादी आपोआप सुधारते. सोर्सचं फोल्डर ठेवायचं असेल पण जागा हवी असेल तर «मेक क्लीन» द्या. बहुतेक जागा परत मिळते, कॉन्फिग राहतो, आणि ड्रायव्हर्स, कर्नल, एमएम ही फोल्डरं वाचायला तुमच्याजवळ असतात. वाचायला सुरुवात करायची तर ड्रायव्हर्समधल्या «कॅर» फोल्डरातली «मेम.सी» घ्या. «/डेव्ह/नल» आणि «/डेव्ह/झीरो» तिथे आहेत, आणि सीचा एक पेपर दिलेल्याला त्यातलं बरंच कळतं.